जोडीचा नाद

मराठी शाहिरांच्या फडांची नावे चाळू लागले म्हणजे एक विशेष सहज डोळ्यांत भरतो. उत्तर पेशवाईत पुण्यास जो फड गाजला तो एकट्या होनाजीचा म्हणून कोणी ओळखीत नाही; तो होनाजी-बाळाचा. कवने रचावी होनाजी शिलारखाने याने आणि ती गाऊन श्रोत्यांच्या काळजापर्यंत पोचवावी बाळा करंजकराने, अशी ती वाटणी होती. आणि दोघांत थोरला कोण हा वाद न घालता लोकांनी दोन्ही नावे एका आडव्या रेघेने कायमची जोडून टाकली. पुढे आमच्या शिरूर तालुक्याच्या शेजारी, नारायणगावास, विठाबाईंच्या वडिलांचा व चुलत्यांचा तमाशा नावारूपास आला; त्याचेही नाव भाऊ-बापू. फड एकट्याच्या कर्तृत्वावर उभा राहत नाही, निदान दोन माणसांचा भार एकमेकांवर पडावा लागतो, ही गोष्ट आमच्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या श्रोत्यांस पक्की ठाऊक होती असे दिसते.

ह्या जुन्या नावांची आठवण होण्यास जे निमित्त झाले ते मात्र फडापासून फार दूरचे आहे. शिरूर आणि दौंड ह्या दोन गावांत आमचा बराच काळ अध्यापनात गेला. एक गाव घोडनदीच्या काठचे, दुसरे भीमेच्या काठचे व आगगाडीच्या जंक्शनाचे. परंतु दोहोंकडील विद्यार्थ्यांत काळे सदरे घालणाऱ्यांचा एक पंथ आम्हांस सारखाच आढळला. सदऱ्यांवर सांगाड्यांची चित्रे व काटेरी अक्षरांत लिहिलेली नावे. चौकशी करता कळले की, हेवी मेटल म्हणून जे पाश्चात्त्य संगीत आहे त्यातील बँडांची ती नावे होत. शेक्सपिअरच्या तासास हे विद्यार्थी मौनव्रत पाळतात; पण जगातील सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण एवढा प्रश्न टाकण्याचा अवकाश, की त्यांची वाचा फुटते. प्रत्येकाजवळ एक यादी असते, आणि यादीत एकेकटी नावे असतात. आम्ही ते संगीत काहीशा हट्टानेच ऐकले, त्याचा इतिहास मिळेल तेवढा वाचला, आणि आमचे मत असे झाले की ह्या याद्यांची मांडणीच मुळात चुकते. ह्या संगीतात मोजण्याचे माप वादक हे नसून वादकांची जोडी हे आहे.

हेवी मेटल ह्या शब्दांचा अर्थ जड धातू. इंग्लंडातील बर्मिंगहॅम ह्या कारखान्यांच्या शहराशी ह्या संगीताचा जन्म निगडित असल्यामुळे हे नाव त्यास शोभूनही दिसते. १९७० साली ब्लॅक सॅबथ ह्या बँडची पहिली तबकडी निघाली. तिच्यापासून ह्या संगीताचा आरंभ धरण्याची वहिवाट आहे. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा पोरवयात पत्र्याच्या कारखान्यात कामास असता यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने बोटांस घरी केलेल्या टोप्या चढविल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यांतून जो खोल व जडशीळ आवाज निघाला तो ह्या संगीताचा पाया ठरला. हा आवाज सर्वांस रुचेल असे आम्ही म्हणत नाही. वाचकाने कानांत बोटे घातली तरी आमची तक्रार नाही. तथापि तो कसा होतो हे समजून घेतल्याखेरीज जोडीचे रहस्य उकलणार नाही, म्हणून थोडी शास्त्राची वाट चालणे भाग आहे.

विजेच्या साहाय्याने गिटारीचा स्वर मोठा करताना तो यंत्राच्या आवाक्यापलीकडे लोटला म्हणजे फाटतो. इतर संगीतात हा दोष गणला जाईल. येथे तोच गुण म्हणून मुद्दाम साधतात. आता, एकाच यंत्रातून दोन स्वर एकदम फाडून काढले म्हणजे त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून मुळात न वाजविलेले नवे स्वर उत्पन्न होतात. षड्ज व पंचम यांचे प्रमाण २ : ३ असल्याने त्यांच्या वजाबाकीचा स्वर नेमका खालच्या षड्जावर येऊन बसतो, आणि जोडी फाटूनही भरदार व स्थिर राहते. परंतु षड्जाबरोबर गांधार घेतला की ही शिस्त मोडते. पडदे बसविलेल्या गिटारीचा शुद्ध गांधार आपल्या पेटीच्या गांधाराप्रमाणेच नैसर्गिक प्रमाणाहून किंचित चढा असतो. त्यामुळे उपजलेले स्वर एकमेकांत मिळत नाहीत आणि कानावर नुसता गढूळ गलका येतो. म्हणून ह्या संगीतातील एकटा वादक बहुधा षड्ज-पंचमावरच समाधान मानतो. पण गोडवा अथवा करुणा जी काय आहे ती तर गांधारात! मग उपाय उरतो तो एकच: एक स्वर एका माणसाने घ्यावा, दुसरा दुसऱ्याने, आणि दोघांची यंत्रे निरनिराळी असावी. दोन फाटलेले स्वर यंत्राबाहेर, मोकळ्या हवेत भेटले म्हणजे तो गलका होत नाही. एक जण सा रे ग म असा चालला असता दुसरा त्याच क्षणी ग म प ध असा त्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो. आपल्या रागसंगीतात ही चाल नाही. परंतु आसावरी थाटाचे स्वर घेऊन दोन गिटारी अशा निघाल्या म्हणजे आमच्यासारख्या परक्या कानासही काही वेळ थांबावेसे वाटते.

सारांश, जोडी ही येथे चैन नसून गरज आहे.

ही गरज प्रथम ओळखली ती मात्र हेवी मेटलवाल्यांनी नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ऑलमन ब्रदर्स बँडमध्ये १९६९ पासून ड्वेन ऑलमन व डिकी बेट्स असे दोन तुल्यबळ वादक होते. ड्वेन १९७१ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, मोटारसायकलच्या अपघातात गेला. इंग्लंडात त्याच सुमारास विशबोन ॲश हा बँड एका गिटारवादकाच्या शोधात होता. परीक्षेअंती अँडी पॉवेल व टेड टर्नर असे दोन उमेदवार उरले. निवड होईना, म्हणून दोघांसही ठेवून घेतले! आमच्याकडील नेमणूक-समित्यांस असा मोकळेपणा सुचला असता तर कित्येक शाळा-महाविद्यालयांचे कल्याण झाले असते. त्यांची १९७२ ची आर्गस ही तबकडी पुढील कित्येक वादकांनी पाठ केली. डब्लिनच्या थिन लिझीची कथा ह्याहून निराळी. १९७३ च्या अखेरच्या रात्री त्यांचा एकुलता गिटारवादक एरिक बेल बँड सोडून गेला. पोळलेल्या फिल लायनटने पुढल्या वर्षी एकाच्या जागी दोन नेमले: कॅलिफोर्नियाचा स्कॉट गोऱ्हॅम व ग्लासगोचा अठरा वर्षांचा ब्रायन रॉबर्टसन. एक गेला तर दुसरा तरी उरेल, एवढाच त्यात मूळ हिशेब होता असे सांगतात. ह्या व्यवहारी हिशेबातून १९७६ ची जेलब्रेक ही तबकडी निघाली, आणि दोन गिटारींनी एकत्र गाणे म्हणजे काय ते सर्व इंग्लंडास कळले.

आता मुख्य दोन जोड्यांकडे वळू. पहिली जूडास प्रीस्ट ह्या बँडची. हाही बर्मिंगहॅमकडचाच. पहिली तबकडी काढण्याच्या वेळी प्रकाशकांनी सुचविले की चौघे अपुरे पडतात, आणखी एक माणूस घ्या. पेटीच्या जातीचे वाद्य घ्यावे किंवा तुताऱ्या घ्याव्या, असे पर्याय होते. के. के. डाउनिंग ह्या त्यांच्या गिटारवादकास ते पटेना. त्याने आपल्याच वाद्याचा दुसरा वादक पसंत केला, आणि १९७४ मध्ये ग्लेन टिप्टन आला. ह्या निर्णयाचे मोल आम्हांस फार वाटते. आपल्याच वाद्याचा, आपल्याइतकाच तयार असा प्रतिस्पर्धी स्वतःच्या घरात आणून बसविणे हे कलावंताच्या हातून सहसा घडत नाही. दोघांचे स्वभाव वादनातही वेगळे दिसतात. टिप्टन हा आखणी करणारा. त्याचे एकल वादन आधी रचून ठेवल्यासारखे, नक्षीदार. डाउनिंग हा झडप घालणारा; त्याच्या तारा किंचाळतात. १९८० ची ब्रिटिश स्टील ऐकावी. गीते साधी, जवळजवळ रांगडी. परंतु दोन गिटारी एकच तुकडा एकाच क्षणी इतक्या काटेकोरपणे तोडतात की दोन माणसे आहेत हे ध्यानातच येऊ नये. आणि १९९० च्या पेनकिलरमध्ये तेच दोघे एकमेकांच्या हातून वाक्य हिसकावून घेतात. लावणीच्या आधी ढोलकी व हलगी यांची जी झोंबाझोंबी आम्ही यात्रेच्या तंबूत ऐकली आहे, तिची आठवण आम्हांस येथे झाली.

दुसरी जोडी आयर्न मेडन ह्या लंडनच्या बँडची, आणि विद्यार्थ्यांच्या सदऱ्यांवरील बहुतेक सांगाडे हिच्याच दप्तरातले. १९७५ साली स्टीव्ह हॅरिसने हा बँड काढला. त्यातील डेव्ह मरे व १९८० मध्ये आलेला एड्रियन स्मिथ हे पूर्व लंडनमधील बालमित्र. मरेची बोटे पाण्यासारखी वाहतात. स्वर सुटा ऐकूच येत नाही, एकातून दुसरा ओघळतो. स्मिथ मोजूनमापून बोलणारा, प्रत्येक वाक्यास आरंभ व शेवट असलेला. १९८३ मधील त्यांचे द ट्रूपर हे गीत १८५४ सालच्या बालाक्लाव्हाच्या लढाईतील घोडदळाच्या हल्ल्यावर आहे. त्याचा ठेका एक लांब व दोन आखूड अशा टापांचा. आणि त्या टापांवर दोन गिटारी कोमल गांधाराच्या अंतराने एकत्र उधळतात. ज्या शिरुरास इंग्रजांच्या घोडदळाची छावणी होती तेथील पोरांस हे गीत आवडावे ह्यात आम्हांस तरी नवल वाटत नाही, जरी त्या पोरांस छावणीचा इतिहास आम्हीच सांगावा लागतो. स्मिथ १९९० मध्ये बाहेर पडला व यानिक गर्स आला. १९९९ मध्ये स्मिथ परतला, तेव्हा गर्सला काढावयाचे की काय असा प्रश्न होता. कोणासही काढले नाही. तीन गिटारी झाल्या. तिसऱ्याने सौंदर्यात किती भर पडली ह्याविषयी आम्ही साशंक आहोत, पण त्या माणुसकीस नमस्कार करावा असे वाटते. हे तिघे १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईस वाजवून गेले. त्या वर्षीच्या त्यांच्या जगप्रवासाचा आरंभच मुंबईत झाला होता.

मुंबईस ही विद्या नवी नव्हती. १९८४ साली तेथे रॉक मशीन हा बँड निघाला. १९९३ मध्ये त्याने इंडस क्रीड असे नाव घेतले. त्यात महेश तिनईकर व जयेश गांधी असे दोन गिटारवादक होते. त्यांचे संगीत शुद्ध हेवी मेटल नव्हे, त्याच्या अलीकडचे. परंतु आपली गीते आपणच रचून इंग्रजीत गावी आणि ती दोन गिटारींवर उभी करावी, हा धडा पुढल्या पिढीस त्यांच्याकडून मिळाला. त्या पिढीत मुंबईच्या एका बँडने भयानक मौत असे नाव घेतले. नावास आमची पसंती नाही, पण ते निदान आपल्या भाषेस कळते.

येथवर ज्या जोड्या सांगितल्या त्यांतील दोघेही पुढे येणारे होते. आता जो विषय आम्हांस खरोखर महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. पुष्कळ जोड्यांत एक पुढे व एक मागे असतो. जो पुढे त्याचे नाव यादीत जाते. मागचा ठेका धरतो. मेटॅलिका ह्या अमेरिकन बँडमध्ये कर्क हॅमेट १९८३ पासून एकल वादन करतो आणि जेम्स हेटफील्ड गात गात ठेका धरतो. विद्यार्थ्यांच्या यादीत बहुधा हॅमेट असतो. परंतु १९८६ ची मास्टर ऑफ पपेट्स ऐकणाऱ्याने क्षणभर एकल वादनाकडे दुर्लक्ष करून हेटफील्डच्या उजव्या हाताकडे कान द्यावा. प्रत्येक आघात वरून खाली; खालून वर हात फिरवून श्रम वाचविण्याची सोय तो शक्य तेथवर नाकारतो, आणि त्यामुळे प्रत्येक स्वरास हातोड्याचे वजन येते. तो हात गेला तर काय होते हे त्या बँडने दोनदा पाहिले. १९८६ मध्ये हेटफील्डचे मनगट मोडले, आणि १९९२ मध्ये माँट्रियल येथे रंगमंचावरील दारूकामात त्याचा हात भाजला. दोन्ही वेळा तो नुसता गायला, आणि त्याचा ठेका धरण्यास जॉन मार्शल ह्या, वाद्यांची देखभाल करणाऱ्या साहाय्यकास उभे करावे लागले. एकल वादन करणारा कर्क हॅमेट धडधाकट शेजारीच होता. पण मागची जागा रिकामी ठेवून खेळ होऊ शकला नाही. ह्याच बँडमधून १९८३ च्या एप्रिलमध्ये हाकलला गेलेला डेव्ह मस्टेन ह्याने मेगाडेथ काढला. १९९० मध्ये मार्टी फ्रीडमन त्यास मिळेपर्यंत त्याच्या शेजारची माणसे सारखी बदलत राहिली. मिळाल्यावर रस्ट इन पीस ही त्याची सर्वोत्तम कृती त्याच वर्षी झाली.

हेवी मेटलच्या कुंपणालगतच्या एसी-डीसी ह्या ऑस्ट्रेलियन बँडात हीच गोष्ट दोन भावांत दिसते. धाकटा अँगस यंग शाळकरी मुलाचा वेष करून रंगमंचभर उड्या मारतो. जगास तो ठाऊक. थोरला माल्कम मागे, ध्वनियंत्रांच्या भिंतीशी उभा राही, आणि क्वचितच पुढे येई. गीतांचा सांगाडा त्याचा. २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे त्यास बँड सोडावा लागला, २०१७ मध्ये तो वारला. त्याच्या जागी परका माणूस आणला नाही. पुतण्या स्टीव्ही यंग ह्यास उभे केले. आमच्याकडील गुरवांच्या वा गोंधळ्यांच्या घरात वाद्य जसे पुतण्याकडे जाते, तसेच हे झाले.

ज्यास आपल्याकडील मागच्या माणसाची ओळख आहे त्यास हे सांगण्याची गरज नाही. लग्नाच्या मांडवात सनई ऐकताना आपण वाजविणाराकडे पाहतो. त्याच्या शेजारी गाल फुगवून एकच स्वर तासन् तास धरून बसलेला मनुष्य कोणाच्या दृष्टीस पडतो? तो श्वास कोठे घेतो हेदेखील कळत नाही. तो थांबला तर पुढच्याची सनई भर मांडवात पोरकी होईल. तमाशात गाणाऱ्याच्या पाठीशी सुरत्ये उभे असतात. ओळीचा शेवट उचलून, जी जी म्हणत ताणून धरणे एवढेच त्यांचे काम. गाणाऱ्यास श्वास घ्यावयास व पुढचे कडवे आठवावयास जी उसंत मिळते ती त्यांच्या छातीच्या जोरावर. शिरुराहून न्हावऱ्यावरून साताऱ्याकडे जाणारा रस्ता दौंड तालुक्यात चौफुला येथे पुणे-सोलापूर रस्त्यास छेदतो. तेथील संगीतबाऱ्यांची कीर्ती वाचकांनी ऐकली असेलच. बारीत लावणी म्हणणारी व नाचणारी स्त्री समोर, आणि पेटी, तबला व ढोलकी वाजविणारे मागे बसलेले. ढोलकीवाल्याचे निदान टाळ्या घेण्याचे दोन क्षण ठरलेले असतात. पेटीवाल्यास तेही नाहीत. आणि तरी गाणारीचा आवाज कोठे थकेल हे तिच्याआधी त्यास कळते, व त्या जागी तो भाता दाबून स्वर भरून काढतो. आता यात्रांत ध्वनिमुद्रित गाण्यांच्या भिंती उभ्या राहू लागल्या. नाचणारीस त्यावरही नाचता येते. ज्याची जागा प्रथम गेली तो मागे बसणारा.

आमच्या स्नेहसंमेलनाच्या सुमारास हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. गिटार शिकणारी मुले आता दौंडासही आहेत, शिरुरासही आहेत. बँड करावयाचा म्हटले की चौघे पुढे येतात आणि चौघांसही एकल वादन हवे असते. ठेका धरावयास कोणी तयार होत नाही. एकदा तर ह्या एका कारणाने कार्यक्रमच रद्द झाला. त्यांच्या त्या एकेकट्या नावांच्या याद्यांवर आमचा जो राग आहे तो ह्यामुळे.

जोड्या नेहमी गोडीने नांदतात असा आमचा दावा नाही. स्लेअर ह्या बँडचे केरी किंग व जेफ हॅनमन १९८१ पासून एकत्र. १९८६ ची त्यांची रेन इन ब्लड ही तबकडी अर्ध्या तासाहूनही लहान, आणि तीत ते दोघे एकत्र गात नाहीत, एकमेकांवर ओरडतात. हॅनमन २०१३ मध्ये वारला. जागा दुसऱ्याने भरली, पण २०१५ ची तबकडी ऐकणारास भांडावयास समोर कोणी नाही हे जाणवते. जूडास प्रीस्टमध्ये तर छत्तीस वर्षांच्या सहवासानंतर, २०११ मध्ये, डाउनिंग बाहेर पडला. २०१८ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिले. त्यात टिप्टनविषयी त्याच्या मनात साठलेले पुष्कळ कडू निघाले: निर्णय त्याचे, एकल वादनाचा मोठा वाटाही त्याचा. ते वाचताना आम्हांस तक्रार खोटी वाटली नाही. पण असेही वाटले की इतक्या वर्षांचा हिशेब इतक्या बारकाईने ज्याच्याजवळ आहे, तो मनुष्य त्या दुसऱ्याकडे किती सावधपणे कान लावून बसला असेल! त्याच वर्षी, फेब्रुवारीत, टिप्टनला कंपवात झाल्याचे जाहीर झाले. बोटांवरील ताबा जात चालल्यामुळे प्रवासात त्याच्या जागी अँडी स्नीप वाजवू लागला. टिप्टन जमेल तेव्हा खेळाच्या शेवटी येऊन एक-दोन गीते वाजवी.

५ नोव्हेंबर २०२२ रोजी लॉस एंजेलिस येथे ह्या बँडचा जाहीर सन्मान झाला, तेव्हा डाउनिंगलाही बोलावणे होते. तो आला. टिप्टनही आला. त्या रात्री दोघांनी आपापल्या गिटारी गळ्यात अडकविल्या आणि बऱ्याच वर्षांनंतर एकाच रंगमंचावर उभे राहून जुनी गीते वाजविली.